उतरलेले वजन राखताना

पायवाट (मूळ लेख)

मी आजवर दोनदा वजन उतरवले आहे. पहिल्या वेळी ५ महिन्यांत १४ किलो उतरले आणि पुढच्या १४ महिन्यांत १६ किलो परत आले. दुसऱ्या वेळी १७ किलो उतरायला २२ महिने लागले, आणि त्यालाही आता दोन वर्षे होऊन गेली असली तरी त्यांतले एक-दोन किलोच इकडेतिकडे होत असतात. वजन कसे उतरवावे यावर पुष्कळ लिहिले जाते. उतरल्यानंतरच्या दिवसांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. पहिल्या वेळची फसगत सविस्तर सांगितल्याशिवाय दुसऱ्या वेळचे समजणार नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

माझी उंची १६० सेंटिमीटर, काम दिवसभर बसून करण्याचे. चाळिशी ओलांडल्यावर केलेल्या तपासणीत एचबीए१सी ६.१ टक्के आले. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची गोळाबेरीज सांगतो. ५.७ ते ६.४ हा पूर्वमधुमेहाचा टप्पा मानतात आणि ६.५पासून मधुमेह. त्या दिवशी माझे वजन ८६ किलो होते. घाबरलेल्या माणसाला सावकाश काही करवत नाही, तसे माझे झाले. दुसऱ्याच दिवसापासून मी दिवसाला १,१०० कॅलरींच्या आसपास खाऊ लागले आणि पहिल्याच आठवड्यात काटा अडीच किलोंनी खाली आला. मला स्वतःचे केवढे कौतुक वाटले! खरे तर त्यात चरबी थोडीच होती. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवून ठेवते, प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते, आणि खाणे एकदम कमी केले की आधी हा साठा व त्याच्याबरोबरचे पाणी जाते. अंगावरच्या चरबीचा हिशेब किलोला सुमारे ७,७०० कॅलरी असा आहे, म्हणजे आठवड्यात अडीच किलो चरबी जाळायची तर रोज पावणेतीन हजार कॅलरींची तूट पडायला हवी. मी दिवसभर अन्नाला शिवले नसते, तरी तेवढी तूट पडली नसती.

तिसऱ्या महिन्यापासून मला सतत थंडी वाजू लागली, केस मूठमूठ गळू लागले आणि स्वभाव चिडका झाला. सर्वांत विचित्र गोष्ट अशी की, रात्री झोपण्यापूर्वी मी तासतासभर पाककृती वाचत बसे. त्या मला करायच्या नव्हत्या आणि खायच्या तर मुळीच नव्हत्या, पण वाचल्याशिवाय झोप येत नसे. हा माझ्या मनाचा दुबळेपणा आहे असे मी तेव्हा ठरवून टाकले होते. पुढे केव्हातरी मिनेसोटा विद्यापीठातल्या उपासमारीच्या प्रयोगाविषयी वाचले आणि थक्क झाले. १९४४-४५ साली अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. युद्धानंतर उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्याला जाणून घ्यायचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजे, ते ताटे चाटत, आणि ज्यांना पूर्वी स्वयंपाकात काडीचाही रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. त्यांचा आहार दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचा होता. ते पुरुष होते आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालत होते, त्यामुळे माझ्याशी सरळ तुलना करता येणार नाही. तरीही उपासमार म्हणून नोंदवलेल्या आहाराहून कमी खाऊन मी त्याला शिस्त म्हणत होते, हे वाचताना अंगावर काटा आला. प्रयोग संपल्यावर त्यांच्यातल्या काही जणांचे खाणे कितीतरी दिवस थांबेना, कारण पोट भरले तरी भूक भागत नव्हती. माझे ते पुढचे १४ महिने नेमके तसेच गेले आणि वजन ८८ किलोवर पोहोचले.

दुसऱ्या वेळी मी खाण्याला हात लावला नाही. रात्रीच्या जेवणानंतर १२ मिनिटे चालायचे, एवढेच ठरवले. १२ मिनिटे का, तर १५ म्हटले की टाळाटाळ करावीशी वाटत होती. जेवणानंतरच का, याला मात्र कारण आहे. स्नायू आकुंचन पावत असताना इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि जेवणानंतर साखर चढत असताना चाललो, तर त्या चढाची उंची कमी होते. अडीच महिन्यांनी हे चालणे अंगवळणी पडले. २१ दिवसांत सवय लागते असे जे म्हणतात, त्याचा माझ्यावर काही परिणाम दिसला नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप घडू लागायला मध्यक ६६ दिवस लागले होते, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता. हे आधी कळले असते, तर बाविसाव्या दिवशी मी इतकी खट्टू झाले नसते.

मग मी एक चूक केली. सगळे १०,००० पावलांविषयी बोलतात, म्हणून दोन आठवड्यांत ३,०००वरून ९,०००वर गेले आणि उजवा गुडघा सुजला. स्नायू लवकर तयार होतात. त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे आणि सांध्यांभोवतीच्या ऊती मात्र हळूहळू तयार होतात. सगळे चालणे पाच आठवडे बंद ठेवावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत मला या १०,००० आकड्याचा उगम सापडला. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले, त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. विक्रीसाठी निवडलेला तो गोल आकडा पुढे जगभर आरोग्याचा नियम होऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत पावलांचा उल्लेख नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत, असे त्या सांगतात. मध्यम श्रम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला की समजावे.

ताकदीचे व्यायाम मी गुडघ्यासाठी म्हणून सुरू केले: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, आणि पुस्तकांनी भरलेली पाठपिशवी जमिनीवरून उचलणे. सुरुवातीला खुर्चीवरून सलग आठ वेळाही उठता येत नव्हते. चार महिन्यांनी, पिशवी छातीशी धरून, तीस वेळा उठू लागले. काट्यावर त्या वेळी जेमतेम दीड किलोचा फरक होता. तरी आपल्यात काही बदल झाला आहे याची खात्री मला तिथे पहिल्यांदा पटली.

आहाराकडे वळले ते त्यानंतर. आधी १४ दिवस काहीही न बदलता, जे खाईन ते वजन करून लिहून काढले. मी कमी खाते, यावर माझी श्रद्धा होती. वहीने ती मोडली. स्वयंपाक करताना घेतलेल्या चवी, मुलीच्या ताटात उरलेले घास आणि बाटलीतून अंदाजाने ओतलेले तेल, या तीन गोष्टी माझ्या हिशेबात कधी आल्याच नव्हत्या. स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी असतात, प्रथिने व पिष्टमय पदार्थांच्या ग्रॅममागे ४. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ‘काही केल्या वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्यांचे प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितल्याचे दिसले होते. ती माणसे खोटे बोलत नव्हती. मीही बोलत नव्हते.

वहीतून दुसरीही एक गोष्ट कळली. दिवसभरात मला जेमतेम ४० ग्रॅम प्रथिने मिळत होती आणि त्यांतली बहुतेक रात्री. म्हणून कमी करण्याआधी मी वाढवले. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात, अगदी सकाळीही, येईल असे पाहिले आणि ७० ग्रॅमपर्यंत पोहोचले. भाज्या व फळे मिळून दिवसाला ४०० ग्रॅम खावीत अशी शिफारस आहे. मी मोजले तेव्हा ती १५० ग्रॅमही भरत नव्हती. ही वाढ झाल्यावर दुपारी चारची ती अनावर भूक उरली नाही, आणि मग रोजच्या ३०० कॅलरी कमी करणे ही झुंज राहिली नाही. एकच गोष्ट जवळजवळ बंद केली, ती म्हणजे पाकीटबंद तयार खाणे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खायला दिले होते. वाढलेल्या ताटांतली साखर, मीठ, चरबी व तंतू यांचे प्रमाण सारखे राखूनही पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. माझ्या निश्चयाची परीक्षा त्या पाकिटांसमोर का घ्यावी?

वजन ८८वरून ७१वर आले. मधले चार महिने काटा हलला नाही आणि मीही त्याला हलवायला गेले नाही. एचबीए१सी आता ५.५ आहे. हल्ली वजन ७२ ते ७४च्या दरम्यान असते. पाणी, मीठ आणि मासिक पाळी यांमुळे ते एका दिवसात किलो-दीड किलो सहज हलते, म्हणून मी सात दिवसांची सरासरीच पाहते. सरासरी सलग दोन आठवडे ७५च्या वर राहिली, तर पुन्हा १४ दिवसांची वही. बाकी दिवस वही बंद.

आपले अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांनी उतरलेले वजन राखले आहे त्यांचे.

तराजू

पायवाट, लेख प्रांजळ आहे, परंतु माझ्या मनात एक शंका आहे. १२ मिनिटांच्या चालण्याने पन्नासएक कॅलरी खर्च होत असतील. आपल्याच आकडेवारीनुसार १७ किलो उतरायला सुमारे १,३०,००० कॅलरींची तूट लागते, आणि ती बहुतांशी खाण्यातूनच आली असणार. मग व्यायामाला एवढे श्रेय का? व्यायामाच्या बाजूने लंडनच्या बसगाड्यांचा जो दाखला नेहमी दिला जातो, तोही मला पुरता पटत नाही. जेरी मॉरिस यांनी १९५३मध्ये दाखवले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. पण पुढे त्यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कंबरेत आधीपासूनच मोठ्या असल्याचे आढळले. म्हणजे नोकरीमुळे माणूस जाड झाला, की जाड माणूस ती नोकरी धरत होता, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पायवाट

तराजू, गणवेशांचा तपशील दिल्याबद्दल आभार. स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेऊन शिंप्याची मापे तपासणाऱ्या संशोधकाविषयी माझा आदर उलट वाढला. वजन उतरवण्यात चालण्याचा वाटा लहान होता, हे मला मान्य आहे. किलोभर स्नायू विश्रांतीत दिवसाला अवघ्या १३ कॅलरी खर्च करतो, त्यामुळे ‘स्नायू वाढवा, चरबी आपोआप जळेल’ हेही मी म्हणणार नाही. पण माझा मूळ प्रश्न वजनाचा नव्हता, साखरेचा होता. अमेरिकेत पूर्वमधुमेह असलेल्या ३,२३४ लोकांवर झालेल्या आणि २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल, एवढे ध्येय ठेवणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. शिवाय पहिल्या वेळी मी केवळ खाणे तोडले होते आणि १४ किलोंबरोबर पायांतली ताकदही घालवून बसले होते. परत आली ती मात्र निव्वळ चरबी.

काटकुळा

या चर्चेत थोड्या उलट्या दिशेने येतो. माझी उंची १७८ सेंटिमीटर आणि वजन तीन वर्षांपूर्वी ५२ किलो होते. जाड माणसाला निदान सल्ला मिळतो, बारीक माणसाला ‘तुझी मजा आहे’ एवढेच ऐकायला मिळते. धाप लागते, सर्दी महिना-महिना हटत नाही आणि जड पेटी उचलताना पाठ भरते, यात कसली मजा? डॉक्टरांनी थायरॉइड आणि पचनाच्या तपासण्या करून घेतल्या, त्यांत काही निघाले नाही. मग मीही १४ दिवस वही लिहिली आणि मला पायवाट यांच्या नेमके उलटे आढळले. ‘मी खूप खातो’ ही माझी श्रद्धा होती. प्रत्यक्षात एका दिवशी भरपूर खाल्ले, की पुढचे दोन दिवस मी नकळत अर्ध्यावर येत असे.

१९९९ सालच्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त दिल्या होत्या. एकाच्या अंगावर अर्धा किलोही चरबी चढली नाही, तर दुसऱ्याच्या अंगावर ४ किलोंहून जास्त चढली. ज्यांच्या अंगावर चढली नाही ते व्यायाम करत नव्हते. उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या अशा बारीकसारीक हालचालींतच ते ती ऊर्जा उडवत होते. फोनवर बोलताना मी घरभर फिरतो, यावरून आमची आई लहानपणापासून ओरडत आली आहे. कारण आता कळले. भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे खाणे आणि आठवड्यातून तीनदा वजने उचलणे, एवढ्यावर मी ६१ किलोपर्यंत आलो आहे.

ओंजळ

पायवाट, तुमच्या लेखातील एका गोष्टीला मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. मी विशीत चार वर्षे खाण्याच्या विकाराने आजारी होते आणि त्या आजाराची सुरुवात अशाच एका वहीपासून झाली होती. प्रत्येक घास मोजून लिहिणे हे तुमच्यासाठी डोळे उघडणारे ठरले, कारण १४ दिवसांनंतर तुम्हांला ती वही मिटता आली. माझ्यासारख्या व्यक्तीला ती मिटता येत नाही. आकडा कमी आला की आनंद होतो, उद्या तो आणखी कमी यावा असे वाटते, आणि या उतरंडीला तळ नसतो. तुम्ही वर्णन केलेल्या पाककृती मीही वाचत असे, फरक इतकाच की मी तिथून परत यायला चार वर्षे घेतली. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे, किंवा ज्यांच्या घरात वयात येणारी मुले आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात तराजू ठेवणे धोक्याचे आहे. तुमच्या लेखात मुलीचा उल्लेख आला, म्हणून हे राहवले नाही. राग मानू नये.

पायवाट

ओंजळ, राग कसला? तुमचा प्रतिसाद मी रात्री दोनदा वाचला आणि सकाळी मुलीला सहज विचारले की, मी खाणे मोजत होते ते तुला आठवते का. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. ती म्हणाली, “हो, आणि माझ्या ताटातले उरलेले तू लिहायचीस, म्हणून मी नंतर ताटात काही ठेवायचे नाही. पोट भरलेले असले तरी संपवायचे.” मला हे आजवर माहीत नव्हते. माझ्या कॅलरींचा हिशेब बसवताना तिचे पोट भरल्याचे कळणे मी बिघडवत होते. लेखातला तो भाग मागे घेत नाही, कारण मला त्याचा उपयोग झाला हे खरे आहे. परंतु ही वही सर्वांसाठी नाही, हे मी तिथेच लिहायला हवे होते.

तराजू

ओंजळ यांच्या मुद्द्यात आणखी एक भर घालतो. आकड्यांचा धाक बीएमआयपासून सुरू होतो. किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांनी मांडले. ते गणिती व खगोलशास्त्रज्ञ होते आणि लोकसमूहाची सरासरी शोधत होते. एका माणसाची प्रकृती ठरवणे हा त्यांचा हेतू नव्हता. गंमत म्हणजे त्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२मध्ये दिले ते पायवाट यांनी उल्लेख केलेल्या अँसेल कीज यांनीच. स्नायू किती, चरबी किती आणि ती पोटावर आहे की मांड्यांवर, यांतले काहीही हा आकडा सांगत नाही. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का, एवढे एका दोरीने पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

निमित्तमात्र

सर्वांचे वाचून मी माझ्या नावाला जागतो आणि माझे निमित्त सांगतो. माझे काम पाळ्यांचे आहे. महिन्यातले दहा दिवस रात्रपाळी असते. त्या दहा दिवसांत मी जे खातो, ते उरलेल्या वीस दिवसांत भरून निघत नाही. पहाटे तीन वाजता मला जी गोड खाण्याची ओढ लागते, ती दिवसा कधीही लागत नाही. यावर ‘निश्चय करा’ याखेरीज कोणाकडे काही आहे का?

काटकुळा

निमित्तमात्र, हे निमित्त पोकळ नाही. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. त्यांची ओढही गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडेच जास्त होती. मीही दोन वर्षे रात्रपाळी केली आहे. मला उपयोगी पडले ते असे की, पाळीवर निघण्यापूर्वी पूर्ण जेवण करायचे, रात्री एकच्या सुमारास घरून नेलेले प्रथिनयुक्त थोडे काही खायचे आणि पैसे घरी ठेवायचे, म्हणजे तीन वाजता यंत्रातून काही विकत घेता येत नाही. सकाळी घरी आल्यावर खोली पूर्ण काळोखी करून झोपत असे. यांतला पैशांचा उपाय हास्यास्पद वाटेल, पण सर्वांत परिणामकारक तोच ठरला.

निमित्तमात्र

पैसे घरी ठेवले, तर सहकाऱ्यांकडून उसने घेईन, एवढी माझी स्वतःशी ओळख आहे. पण रात्री एकचे खाणे करून पाहतो. एक विचारायचे राहिले: मला मधुमेहाची गोळी चालू आहे. जेवणानंतरचे चालणे सुरू केले तर चालेल ना?

पायवाट

निमित्तमात्र, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि गोळीचे नाव त्यांना आवर्जून सांगा. काही गोळ्यांबरोबर, तसेच इन्सुलिन घेत असल्यास, हालचाल वाढली की साखर फार खाली जाऊ शकते, आणि मात्रा बदलायची की नाही ते त्यांनीच ठरवायचे असते. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे त्यांच्याकडून समजून घ्या आणि चालताना खिशात साखर ठेवा.

आता माझ्याविषयी. लेख लिहिताना मी ७२ ते ७४ असे ऐटीत लिहिले होते. मागचे दोन आठवडे सरासरी ७५.४ आहे. कामाचा ताण होता, संध्याकाळचे चालणे नऊ दिवस चुकले, आणि कपाटात पाकिटे पुन्हा दिसू लागली आहेत. ती मीच आणली आहेत. नियमाप्रमाणे वही उघडायची वेळ आली. ओंजळ, तुमच्या प्रतिसादामुळे या वेळी तराजू माळ्यावर टाकला आहे आणि वहीत कॅलरींचा रकाना ठेवलेला नाही. तीनच गोष्टी लिहिणार आहे: जेवणानंतर चालले का, प्रत्येक जेवणात प्रथिने होती का, आणि जेवायला बसताना खरोखर भूक होती का. चौदा दिवसांनी काय होते ते इथेच कळवीन.

काल पहिला दिवस होता. चालले, ११ मिनिटे. प्रथिने तीनपैकी दोन जेवणांत. भूक सकाळी होती, दुपारी होती, रात्री नव्हती, तरी जेवले. मुलीने ताटात दोन घास ठेवले आणि उठून गेली. ते मी झाकून ठेवले.

ओंजळ

वाचले. चौदा दिवस वाट पाहते.